प्रादेशिक सेना : अर्धवेळ सैनिक, पूर्णवेळ चाकरी

संरक्षण मंत्रालयाची ६ मे २०२५ ची अधिसूचना तीन दिवसांनी माध्यमांच्या हाती लागली, तेव्हा पाकिस्तानबरोबरचा संघर्ष ऐन भरात होता. प्रादेशिक सेना नियम, १९४८ मधील नियम ३३ अन्वये लष्करप्रमुखांना या सेनेतील प्रत्येक अधिकारी व प्रत्येक नोंदणीकृत सैनिक यांना बोलावून घेण्याचा अधिकार त्या अधिसूचनेने दिला होता. राखीव सैन्यालाही पाचारण, असा अर्थ दूरचित्रवाहिन्यांनी लावला आणि महेंद्रसिंग धोनी व सचिन पायलट यांची गणवेशातील छायाचित्रे रात्रभर पडद्यावर फिरत राहिली. धोनी आता सीमेवर जाणार काय, ही चर्चा करोल बागेतल्या चहाच्या टपरीपासून मंत्रालयांच्या कॅन्टीनपर्यंत रंगली.

अधिसूचना शेवटपर्यंत वाचण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. तिच्यात दोन गोष्टी होत्या. एक, प्रादेशिक सेनेच्या ३२ पायदळ बटालियनांपैकी १४ बटालियनांना लष्कराच्या विविध कमांडमध्ये तैनातीसाठी कामावर घेण्याचा आदेश. दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य, उत्तर, नैऋत्य, अंदमान-निकोबार आणि प्रशिक्षण अशा सगळ्या कमांड त्यात आल्या. दुसरी, मुदत. हा आदेश १० फेब्रुवारी २०२५ पासून ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत, म्हणजे पूर्ण तीन वर्षांसाठी लागू होता. पहलगामचा हल्ला २२ एप्रिलचा. त्याच्या सव्वादोन महिने आधीपासून लागू होणारा आदेश हा त्या हल्ल्याचे उत्तर असू शकत नाही. सरकारी कागदपत्रांची सवय असलेल्या वाचकाला हे सांगायला नको. बटालियनांना वर्षानुवर्षे कामावर ठेवण्याची जी व्यवस्था आधीच रुळली आहे, तिलाच दिलेले हे कागदोपत्री बळ होते. फाइल पुढे सरकली ती नेमकी युद्धाच्या सावलीत, इतकेच.

या सेनेपुढचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. शेतकऱ्याने शेती करावी, कारकुनाने कचेरी सांभाळावी, वर्षातून महिना-दोन महिने बंदूक हाती धरावी आणि राष्ट्राने साद घातली की गणवेश चढवावा, ही प्रादेशिक सेनेची मूळ कल्पना. गणवेश एकदा चढवला की तीन-तीन वर्षे उतरतच नसेल, तर या सैनिकाला अर्धवेळ म्हणायचे तरी कसे? आणि तो पूर्णवेळ असेल, तर त्याच्या निवृत्तिवेतनाचे, त्याने मागे सोडलेल्या नोकरीचे काय?

नाव ब्रिटिश, वादही जुना

‘टेरिटोरियल’ हे नाव आपण ब्रिटिशांकडून घेतले. युद्धमंत्री हाल्डेन यांनी १९०८ मध्ये तेथील विखुरलेल्या स्वयंसेवक पथकांना एका छत्राखाली आणले, ती टेरिटोरियल फोर्स. ब्रिटनने २०१४ मध्ये ते नाव टाकून ‘आर्मी रिझर्व्ह’ असे सरळ नाव घेतले. आपण मात्र जुनेच चालवतो. परंतु भारतातील या संस्थेचा इतिहास हाल्डेनच्याही मागे जातो आणि त्यातला बराचसा भाग भारतीयांना बाहेर ठेवण्याचा आहे.

१८५७ च्या उठावानंतर येथील युरोपियनांनी स्वसंरक्षणासाठी स्वयंसेवक पथके उभारली. रेल्वे कंपन्यांनीही तसेच केले. या पथकांची दारे सामान्य भारतीयाला बंद होती. काँग्रेसच्या पहिल्या काही ठरावांमध्ये सनदी सेवा आणि विधिमंडळे यांच्या जोडीला ही मागणीही दिसते. १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात भारतीयांनाही स्वयंसेवक म्हणून शस्त्र धरू द्या, असा ठराव झाला. मवाळांची मागणी म्हणून आज आपण तिच्याकडे पाहतो. पण शस्त्रबंदीचा कायदा होऊन जेमतेम आठ वर्षे झाली असताना ती फारशी मवाळ नव्हती.

पहिल्या महायुद्धाने दार किलकिले केले. १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्स कायद्याने युरोपियनांवर सेवेची सक्ती झाली आणि भारतीयांना स्वेच्छेने येण्याची मुभा मिळाली. लोकमान्य टिळकांनी ही संधी हेरली. तरुणांनी या दलात जावे, असे त्यांनी जाहीर सभांमधून सांगितले. स्वराज्य मागणाऱ्याने संरक्षणाची जबाबदारीही मागितली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. सरकारला सैनिक हवे होते, टिळकांनी गोळा केलेले नको होते. त्याच फेब्रुवारीत पंजाब व दिल्लीत टिळकांना प्रवेशबंदी झाली. आज दिल्लीत टिळक मार्गावरून कचेरीत जाणाऱ्या मराठी अधिकाऱ्याने ही गंमत जरूर लक्षात ठेवावी.

जवाहरलाल नेहरूंनीही त्या दलासाठी अर्ज केला होता. अ‍ॅनी बेझंट यांना १९१७ च्या जूनमध्ये स्थानबद्ध केल्याची बातमी आली आणि त्यांनी व त्यांच्या अलाहाबादच्या सहकाऱ्यांनी अर्ज मागे घेतले, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. सुभाषचंद्र बोस मात्र कलकत्ता विद्यापीठाच्या तुकडीत दाखल झाले, छावणीत राहिले आणि ते जीवन त्यांना मनापासून आवडले. पुढे आझाद हिंद सेनेचे नेतृत्व करणाऱ्या माणसाने कवायतीचे पहिले धडे इंग्रजांच्या राखीव दलात गिरवले, हा योगायोग विसरला जातो.

१९२० मध्ये दोन कायदे झाले आणि त्या दोहोंत साम्राज्याची सारी दृष्टी सामावलेली होती. युरोपियन व अँग्लो-इंडियनांसाठी ऑक्झिलियरी फोर्स; भारतीयांसाठी इंडियन टेरिटोरियल फोर्स. एकाच देशात, एकाच कामासाठी, वर्णानुसार दोन सेना. कायदेमंडळातून टीका होऊ लागली तेव्हा १९२४ मध्ये जनरल शी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. दोन दलांतली दरी मात्र राज्य जाईपर्यंत राहिली. याच १९२० च्या कायद्याच्या पोटातून विद्यापीठांची प्रशिक्षण पथके निघाली आणि त्यांच्यातून पुढे एनसीसी.

राजाजींच्या हस्ते

स्वतंत्र भारताने हा भेद पुसला. प्रादेशिक सेना अधिनियम १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते सेनेचे उद्घाटन झाले. तो दिवस आजही वर्धापनदिन म्हणून पाळला जातो. फाळणीने सैन्य वाटले गेले होते, काश्मीरचे युद्ध नुकतेच थांबले होते आणि तिजोरी रिकामी होती. मोठे खडे सैन्य परवडत नाही आणि संकटकाळी माणूसबळ तर हवे, अशा पेचातून ही सेना जन्मली. ‘सावधानी व शूरता’ हे तिचे बोधवाक्य.

सुरुवातीचा आवाका आज आश्चर्य वाटावे इतका मोठा होता. पायदळाबरोबरच चिलखती रेजिमेंट, विमानविरोधी तोफखाना, किनारा-संरक्षणाच्या तोफा, सिग्नल, वैद्यकीय तुकड्या, दुरुस्ती कार्यशाळा, रसद असे संपूर्ण सैन्याचे छोटे प्रतिरूपच उभारले गेले. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत प्रादेशिक सेनेच्या तुकड्यांनी काम केले. पण तांत्रिक शाखा वर्षाच्या दोन महिन्यांत शिकवता येत नाहीत, हा अनुभव आला आणि १९७२ पर्यंत पायदळ वगळता यांपैकी बहुतेक तुकड्या एक तर विसर्जित झाल्या किंवा नियमित लष्करात विलीन झाल्या. उरली ती पायदळाची बटालियने, आणि खात्यांच्या म्हणजे रेल्वे, तेल, दूरसंचार यांसारख्या क्षेत्रांच्या तुकड्या.

कायद्यातील एका कलमाकडे दिल्लीतील मराठी वाचकाने अंमळ थांबून पाहावे. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६ अ घातले गेले. शासकीय सेवेत किंवा सार्वजनिक उपयोगितेच्या सेवेत असलेल्या, वयाची २० वर्षे पूर्ण झालेल्या आणि ४० पूर्ण न झालेल्या प्रत्येक व्यक्तीवर, फर्मावले गेल्यास, प्रादेशिक सेनेत काम करण्याचे दायित्व हे कलम टाकते. स्वयंसेवकांचे सैन्य म्हणून जिची ओळख करून दिली जाते, तिच्या कायद्यात सक्तीचे हे बीज दडलेले आहे. अवर सचिवाच्या खुर्चीत बसलेल्या किती तरुणांना याची कल्पना असेल? सर्वांवर सरसकट हे कलम चालवण्याची वेळ कधी आली नाही. पण कायद्याच्या पुस्तकात ते आहे आणि खात्यांच्या तुकड्यांमागचा कायदेशीर आधारही तेच.

रूळ आणि संप

खात्यांच्या तुकड्यांची कल्पना साधी आहे. युद्धकाळात किंवा आपत्तीत रेल्वे, तेल आणि संदेशवहन थांबू नये, म्हणून त्याच खात्यातील कर्मचाऱ्यांना सैनिकी शिस्तीखाली आणायचे. इंजिनचालक तोच, यार्डातला फोरमन तोच. फक्त हुकूम देणारा बदलतो.

आपत्ती कशाला म्हणायचे, हा मात्र राजकीय प्रश्न. मे १९७४ चा रेल्वे संप ८ तारखेला सुरू झाला आणि २७ ला मागे घेतला गेला. जॉर्ज फर्नांडिस त्याचे नेते होते. गाड्या चालू ठेवण्यासाठी सरकारने प्रादेशिक सेनेचा वापर केला. शत्रूविरुद्ध राखून ठेवलेला राखीव सैनिक सहकाऱ्यांच्या संपाविरुद्ध उभा केला गेला, हा आक्षेप तेव्हा कामगार चळवळीने घेतला आणि तो अनाठायी नव्हता. दैवगती अशी, की पाव शतकानंतर हेच फर्नांडिस देशाचे संरक्षणमंत्री झाले आणि प्रादेशिक सेना त्यांच्याच खात्याखाली आली.

या रेल्वे तुकड्यांचे पर्व आता जवळपास संपले आहे. सहा रेल्वे अभियंता रेजिमेंटपैकी पाच, म्हणजे झाशी, कोटा, आद्रा, चंदिगड आणि सिकंदराबाद येथील, बंद करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. बिहारमधील जमालपूरची एकच ठेवण्यात आली, तीही ईशान्येकडे जाणाऱ्या चिंचोळ्या मार्गाची चिंता म्हणून. निर्णयावर संसदेत वा बाहेर फारशी चर्चा झाली नाही. सात दशकांची संस्था एका पत्राने आटोपली.

झाडे लावणारी फौज

प्रादेशिक सेनेचे जे काम दिल्लीकर डोळ्यांनी पाहू शकतो, ते शहराच्या दक्षिण टोकाला आहे. भट्टीच्या खाणींमधून बदरपूर रेती काढून काढून अरवलीची जी चाळण झाली होती, तेथे २००० मध्ये १३२ वी पर्यावरण बटालियन आणली गेली. असोला-भट्टी अभयारण्याच्या त्या भागात आज जे हिरवे दिसते, त्यात या जवानांचा मोठा वाटा आहे. फरिदाबादला जाता-येता पाहायला हरकत नाही.

पर्यावरण बटालियनांची सुरुवात डेहराडूनला झाली. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे डोंगर बोडके केले होते; तेथे १ डिसेंबर १९८२ रोजी गढवाल रायफल्सशी संलग्न १२७ वी बटालियन उभी राहिली. पाठोपाठ राजस्थानातील कालव्याच्या काठी, सांब्यात, पिठोरागढला, हिमाचलात, आसामात अशा तुकड्या आल्या. मराठवाड्यासाठी महार रेजिमेंटशी संलग्न १३६ वी बटालियन २०१७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उभारण्यात आली. खर्च राज्याचा, शिस्त लष्कराची. लावलेले रोप जगवायचे कसे, हा वनखात्याचा जुना दुखणाईत प्रश्न. येथे रोपाची हजेरी सैनिकासारखी घेतली जाते. वृक्षारोपणाच्या उत्सवी छायाचित्रांपेक्षा हा मार्ग शहाणपणाचा ठरला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पण या तुकड्यांत भरती होते ती प्रामुख्याने माजी सैनिकांची. पंधरा-वीस वर्षे नोकरी करून घरी आलेला जवान आपल्याच डोंगरावर पुन्हा गणवेशात उभा राहतो. त्याला काम मिळते, डोंगराला माणूस मिळतो. मात्र तो नागरिक-सैनिक उरत नाही. पुनर्नियुक्त सैनिक होतो. आणि त्याचे हक्क कोणते, याचे उत्तर द्यायला सर्वोच्च न्यायालयाला यावे लागले.

प्रकरण कुमाऊंमधील १३० व्या पर्यावरण बटालियनमधले. नियमित पायदळात सुमारे पंचवीस वर्षे काढलेला एक जवान २००७ मध्ये या बटालियनमध्ये रुजू झाला. २००९ मध्ये रजेवर असताना अपघात होऊन त्याचा पाय कापावा लागला. अपंगत्व निवृत्तिवेतनाची मागणी सशस्त्र दल न्यायाधिकरणाने फेटाळली. सरकारचा युक्तिवाद असा की, पर्यावरण दलातले सैनिक वेगळ्या अटींवर घेतले जातात आणि वाढीव निवृत्तिवेतन मागणार नाही, असे भरतीवेळी त्याने लिहूनही दिले होते. १७ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने हे म्हणणे नाकारले. पर्यावरण तुकडी ही प्रादेशिक सेनेचाच भाग आहे आणि म्हणून तिच्या सैनिकाला अपंगत्व निवृत्तिवेतन मिळायलाच हवे, असे खंडपीठाने ठरवले. ज्याच्यापुढे सही करण्यावाचून पर्याय नव्हता, त्याच्या सहीवर सरकारला अडून बसता येणार नाही, हेही बजावले. निकाल लिहिला न्या. भूषण गवई यांनी, जे पुढे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले. अमरावतीचा एक न्यायाधीश पिठोरागढच्या एका जवानाच्या कापलेल्या पायाचा न्याय बारा वर्षांनी करतो, यात समाधान आहे तसे वैषम्यही आहे.

दिवस मोजण्याचे गणित

येथे त्या गणिताचा उलगडा करणे आवश्यक आहे, कारण वादाची सारी मुळे त्यात आहेत. प्रादेशिक सेनेच्या पायदळातील जवानाला वर्षाला साधारण दोन महिन्यांचे प्रशिक्षण असते. शहरी तुकड्यांत ते शनिवार-रविवारी विभागलेले असते. त्या काळात, आणि बटालियन ‘एम्बॉडी’ म्हणजे कामावर बोलावलेली असताना, त्याला नियमित सैनिकासारखे वेतन व भत्ते मिळतात. एरवी काही नाही. निवृत्तिवेतनासाठी हे कामावरचे दिवस जोडून जवानाला १५ वर्षे आणि अधिकाऱ्याला २० वर्षे भरावी लागतात.

आता हे दिवस किती भरणार, ते जवान ठरवत नाही, लष्कराची गरज ठरवते. बटालियन सलग काश्मिरात राहिली तर त्याचे दिवस झपाट्याने भरतात. परत पाठवली तर मोजणी थांबते. चौदाव्या वर्षी घरी गेलेल्याने दाद कोणाकडे मागावी? नियमित सैनिकाच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही आणि खऱ्याखुऱ्या अर्धवेळ सैनिकाच्या बाबतीतही नाही, कारण त्याचे पोट दुसऱ्या नोकरीवर असते. अडचण होते ती मधल्याची.

ती दुसरी नोकरी कायद्याने राखलेली आहे. कलम ७ अ म्हणते की, सेवेवरून परतलेल्या माणसाला मालकाने पूर्वीपेक्षा कमी नाही अशा अटींवर कामावर घेतलेच पाहिजे. न घेतल्यास दंड आणि भरपाई. सरकारी कर्मचाऱ्याच्या बाबतीत हे निभावते. गुरगाव वा नोएडातील खासगी कंपनीत कंत्राटावर असलेल्या मुलाने तीन वर्षांनी परतून हे कलम दाखवले, तर काय होईल याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही. अमेरिकेच्या नॅशनल गार्डमधील हजारो जवान इराकला गेले तेव्हा तेथेही मालक कुरकुरले. पण तेथे नोकरीचे संरक्षण करणारी यंत्रणा जागी होती. आपल्याकडे कलम आहे, यंत्रणा जाणवत नाही.

त्यात भरतीचा विरोधाभास. अन्यत्र उपजीविकेचे साधन असणाऱ्यालाच प्रादेशिक सेनेत यायचे आहे आणि ही पूर्णवेळ नोकरी नव्हे, हे जाहिरातीतच स्पष्ट केलेले असते. प्रत्यक्षात मेळाव्याला येतो तो बेकार तरुण. नोव्हेंबर २०२४ मध्ये पिठोरागढच्या भरतीला उत्तर प्रदेश व बिहारमधून हजारोंचे लोंढे आले, वाहने मिळेनाशी झाली आणि व्यवस्था कोलमडली. कोल्हापुरात १०९ वी मराठा लाइट इन्फंट्री बटालियन आहे, पुण्यात १०१ वी. तेथील मेळाव्यांना येणारी मुलेही शेती आणि दुकान सांभाळून देशसेवेचा छंद करायला आलेली नसतात. त्यांना नोकरी हवी असते, आणि वर्षानुवर्षांच्या एम्बॉडिमेंटमुळे ती मिळेल अशी वाजवी आशाही असते.

काश्मीरची घरची फौज

गेल्या दोन दशकांत प्रादेशिक सेनेला सर्वांत कसाला लावणारे काम काश्मीरनेच दिले. येथील ‘होम अँड हार्थ’ बटालियनांत स्थानिकांनाच घेतले जाते. त्यांत कधी काळी हाती बंदूक घेऊन पलीकडे गेलेले आणि परत फिरलेलेही होते. गल्लीबोळ, बोली, माणसे यांची जाण असलेला सैनिक बाहेरच्या दहांच्या बरोबरीचा असतो. त्याची किंमतही तोच मोजतो. त्याचे घर, त्याचे आईवडील त्याच गावात असतात.

कुलगाम जिल्ह्यातील लान्स नाईक नझीर अहमद वाणी हे त्यांतलेच. एके काळी दहशतवादाच्या वाटेवर गेलेला हा माणूस २००४ मध्ये १६२ व्या बटालियनमध्ये दाखल झाला. शोपियांमधील चकमकीत २५ नोव्हेंबर २०१८ रोजी ३४ व्या राष्ट्रीय रायफल्सबरोबर लढताना त्यांना वीरमरण आले. २०१९ च्या प्रजासत्ताकदिनी राजपथावर त्यांच्या पत्नीने अशोकचक्र स्वीकारले. अशोकचक्र मिळवणारे ते पहिले काश्मिरी. प्रादेशिक सेनेचे नाव निघाले की ज्यांची छायाचित्रे झळकतात, त्यांत वाणी क्वचितच असतात.

झळकतात ते मानद अधिकारी. कपिल देव २००८ मध्ये, धोनी व अभिनव बिंद्रा २०११ मध्ये, नीरज चोप्रा २०२५ मध्ये मानद लेफ्टनंट कर्नल झाले. धोनीने २०१९ च्या उन्हाळ्यात पॅराशूट रेजिमेंटच्या १०६ व्या बटालियनबरोबर काश्मिरात पंधरवडाभर ड्यूटी केली, हे त्याच्या खाती जमा करायला हवे. पण मानद पद आणि परीक्षा देऊन मिळवलेले कमिशन यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सचिन पायलट यांनी २०१२ मध्ये केंद्रात मंत्री असताना आणि अनुराग ठाकूर यांनी २०१६ मध्ये खासदार असताना रीतसर कमिशन घेतले. राजकारण्यांना त्यातून प्रतिमा मिळते हे खरे. सैनिकांच्या प्रश्नांची धग थोडीफार संसदेत पोहोचावी, ही अपेक्षा मात्र फारशी पुरी झालेली दिसत नाही.

स्त्रियांना हे दार न्यायालयाने उघडले. कायद्यात ‘व्यक्ती’ हा शब्द आहे आणि स्त्री ही व्यक्ती आहे, इतकी साधी बाब २०१८ च्या आरंभी दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालातून प्रस्थापित करावी लागली. २०१९ पासून पर्यावरण, तेल आणि रेल्वे तुकड्यांत महिला अधिकारी येऊ लागल्या. पुढे नियंत्रणरेषेवरील कुंपणाची देखभाल करणाऱ्या अभियंता तुकड्यांतही त्यांना पाठवण्याचा निर्णय झाला.

राखीव म्हणजे कोण?

सरकारी माहितीनुसार प्रादेशिक सेनेचे बळ सुमारे ५० हजारांचे. बारा लाखांच्या घरातल्या सेनेला हे राखीव दल म्हणून पुरेसे आहे काय? रशियाने २०२२ च्या सप्टेंबरात तीन लाख राखीव सैनिकांना बोलावण्याची घोषणा केली, युक्रेनने प्रादेशिक संरक्षण दले उभारून राजधानी वाचवली. लांबलेल्या युद्धात दुसरी फळी लागते, हे तेथे दिसले. आपल्या दुसऱ्या फळीतील चौदा बटालियन मात्र शांततेच्या काळातही पहिल्या फळीचेच काम करीत आहेत. मोठे युद्ध उद्भवले तर बोलवायचे कोणाला, जर राखीव आधीच कामावर असेल?

राखीव सैनिकांचा दुसरा स्रोत म्हणजे सेवामुक्त जवान. १८८८ च्या राखीव दल कायद्यापासून ती व्यवस्था चालत आली. जवानाची सक्रिय सेवा जसजशी लांबत गेली, तसतसा तरुण राखीव सैनिक आटत गेला. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीने सक्रिय सेवा सात ते दहा वर्षांवर आणावी, अशी शिफारस केली होती. ती धूळ खात पडली. २०२२ मध्ये अग्निपथ आली ती चार वर्षांची. चौथ्या वर्षाअखेर २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम होणार, बाकीचे सेवानिधी घेऊन, निवृत्तिवेतनावाचून, घरी. त्यांच्यासाठी निमलष्करी दले आणि राज्यांचे पोलीस यांत राखीव जागांची घोषणा झाली. प्रशिक्षित, पंचविशीच्या आतबाहेरच्या या तरुणांची शिस्तशीर राखीव फळी उभारण्याचा विचार योजनेच्या मूळ आराखड्यात ठळकपणे आला असता, तर अग्निपथावरील निम्मी टीका बोथट झाली असती.

प्रादेशिक सेना हे त्याचे स्वाभाविक घर होऊ शकते. चार वर्षे लष्करात काढलेल्या मुलाला प्राथमिक कवायत शिकवावी लागत नाही. तो मुंबईत वा पुण्यात नोकरी करू शकतो, वर्षातून दोन महिने कोल्हापूरच्या बटालियनमध्ये जाऊ शकतो. त्यासाठी मालकाला भरपाई द्यावी लागेल, कलम ७ अ ला दात द्यावे लागतील, आणि बटालियनांना कायमस्वरूपी कामावर ठेवण्याची सोपी सवय लष्कराला सोडावी लागेल. खर्चाचा मुद्दा येईलच. मे २०२५ च्या अधिसूचनेतही तो आहे. अन्य मंत्रालयाच्या मागणीवरून तुकडी कामावर घेतली तर खर्च त्या मंत्रालयाने सोसायचा, संरक्षण खात्याने नव्हे. वित्त विभागात काम केलेल्यांना या एका वाक्यामागची रस्सीखेच ओळखता येईल.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ च्या सुमारास सुरू झाले. तिची चार वर्षे २०२६-२७ च्या हिवाळ्यात भरतात. चौदा बटालियनांच्या आदेशाची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ ला संपते. या दोन तारखांमध्ये जेमतेम वर्षाचे अंतर आहे.